ज्याला संग्रहच नको होता, त्याचं काय जपायचं?



आयुष्यभर ज्यानं संग्रह नको म्हटलं, त्याच्याच वस्तू सांभाळून ठेवायच्या का? सावरगावच्या आम्ही महिला सेवेकरी सेवाग्रामची बापूकुटी पाहून आलो तेव्हापासून हा प्रश्न आमच्यात सुरू आहे. परतीच्या गाडीत संत्री सोलता सोलता चांगलाच वाद झाला.

आधी थोडी माहिती. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. घरासाठी त्यांची अट होती: खर्च शंभर रुपयांच्या वर नको, सामान आसपासचं, कारागीर गावचेच. आज बापूकुटी म्हणतात ती मुळात मीराबेन यांची झोपडी. मातीच्या भिंती, वर कवेलू. आत बसायची गादी, बुटकं मेज, चरखा, अशा मोजक्या वस्तू. आपल्या स्वयंपाकघरातल्या एका फळीवर याहून जास्त पसारा असतो!

आमच्यातल्या काहींचं म्हणणं, वस्तूला हात जोडले की माणूस मोकळा होतो. फोटो काढला, चाललो पुढे. हे खोटं नाही. पण मातीचं घर वेगळं असतं. ते जपायचं तर दर पावसाळ्यानंतर लिंपावं लागतं, सारवावं लागतं. संगमरवराचे पैसे एकदा दिले की झालं. मातीला दरवर्षी कुणाचे तरी हात लागतात.

तिथंच परचुरे शास्त्रींची कुटी आहे. शास्त्री संस्कृतचे पंडित, त्यांना कुष्ठरोग झालेला. लोक जवळ यायला घाबरत त्या काळात गांधीजी स्वतः त्यांना मालिश करायचे. आता ही सेवा कोणत्या कपाटात ठेवणार? पण ती कुटी उभी नसती तर आम्हाला तरी आठवली असती का? या ठिकाणी वाद जरा थांबला.

हे सगळं लिहायचं कारण, महाराज मुक्कामाला असायचे ती आपल्या गावची मातीची खोली पाडून टाइल्सचं स्मृतिमंदिर बांधायचं घाटतंय. काचेच्या कपाटात काठी, चष्मा, कांबळं ठेवायचं म्हणतात. आम्हाला वाटतं, खोली आहे तशीच राहावी, पाळीपाळीनं सारवावी. काठी-चष्मा ठेवा, हरकत नाही. कांबळं मात्र थंडीत उघड्यावर निजणाऱ्या एखाद्याला द्यावं. महाराजांनी अंगावरची किती कांबळी अशीच देऊन टाकली, हे आपण पाहिलंय. आमच्यातल्या दोघींना हे अजून पटलेलं नाही. "शेवटचं कांबळं आहे हो ते," म्हणतात. त्यांचंही मन मोडवत नाही.

गुरुवारी आरतीनंतर बैठक आहे. पुरुष मंडळींनीही यावं, आणि सारवायच्या पाळीत आपलीही नावं लिहावीत.