शीग

आमच्या घरी दिवाळीची पहिली चाहूल फराळाच्या वासाने लागत नसे, ती पायलीच्या आवाजाने लागे. वसुबारसेच्या आधी दोन-तीन दिवस लोह्याकडच्या शेतातून ज्वारीची पोती नांदेडच्या घरी येत आणि आजी पडवीत पायली घेऊन बसे. वर्षभर राबलेल्या बायामाणसांना दिवाळीची पोस्त म्हणून धान्य द्यायचे असे. पहिली पायली ओतताना ती ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. मग दोन, मग तीन. पायली भरली तरी तिचा हात थांबत नसे. वर निमुळता ढीग चढे, दाणे कडेवरून घरंगळू लागत, तेव्हा कुठे ती पायली उचलली जाई. त्या ढिगाला शीग म्हणतात. आज पायली राहिली नाही, पण उत्साह ‘शिगेला पोहोचला’ असे वर्तमानपत्रे अजून छापतात, ती शीग हीच.

चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण. पण हे झाले पाठांतराचे. मोंढ्यात गेले की कळे की पायली एक असली तरी माप दोन असते. घेताना शीग लावायची आणि देताना वरून हात फिरवून सपाट करायची, एवढ्याशा हातचलाखीवर काहींचे वाडे उभे राहिले होते. म्हणजे माप लोखंडाचे, पण त्यावरचा तो ढीग माणसाचा. तो आजीच्या हातून दया होऊन पडे, आणि दुसऱ्या कुणाच्या हातून लोभ होऊन गळे.

मापे बदलण्याचे नवल मराठवाड्याच्या माणसाला तसे नव्हतेच. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजी कलदार यांचा सात-सहाचा हिशेब आमच्या वडील पिढीला झोपेतही करता येई. त्यातून सुटतो तोच १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले. दशमान वजनांचा कायदा १९५६ चा. १९५८ च्या ऑक्टोबरापासून नवी वजने यायला लागली आणि चार वर्षांत शेर-मण कायद्याने गेले. शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, असे आम्ही शाळेत घोकत होतो. घरी आजीसमोर मी मोठ्या ऐटीने किलोचे वजन ठेवले आणि तराजू कसा समतोल झाला की थांबायचे, हे तिला समजावून दिले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “ते खरं रे, पण ह्याला शीग कुटं लावायची?”

मी हसलो. मला वाटले, म्हातारीला विज्ञान कळत नाही. शीग नाही हीच तर ह्या मापाची थोरवी! चोराला जागा नाही आणि दात्यालाही नाही. प्रामाणिकपणा आता माणसाच्या हातातून निघून वजनात जाऊन बसला, आता माणसाने कसेही असावे, असा माझा त्या वयातला सिद्धान्त होता.

आमचे विज्ञानाचे मास्तर मोठे हिकमती. त्यांनी पहिल्या दिवशी आम्हांला बाक वितीने मोजायला लावला. चाळीस मुलांची चाळीस उत्तरे आली. मग त्यांनी लाकडी मीटरपट्टी काढली आणि सांगितले की हा परका पाहुणा नाही, तुमच्या आजोबांच्या वेळेपासून तो नांदेडच्या स्टेशनात राहतो आहे. ते खरेच होते. मनमाड-हैदराबाद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या तोंडावर झाला, तो मीटर गेज. हिंदुस्थानात लवकरच मेट्रिक मापे येणार अशा भरवशावर लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत, १८७० च्या सुमारास, दोन रुळांतले अंतर एक मीटर ठरले. १८७१ साली कायदाही झाला, पण तो कागदावरच राहिला. मीटर मात्र रूळ होऊन पसरला. (पुढे मी लातूरला नोकरीला गेलो, तेथे बार्शी लाइटची गाडी अडीच फुटांच्या रुळांवरून येई. आता दोन्हीकडे ब्रॉड गेज आहे.)

मास्तर परवानगी काढून आम्हांला स्टेशनावरच घेऊन गेले. बाजूच्या एका रिकाम्या मार्गावर आम्ही गटागटाने रुळांच्या आतल्या कडांतले अंतर मोजले. मी पट्टी आडवी ठेवली, उरलेली फट लहान पट्टीने मोजली. ती तीन मिलिमीटर होती. मी वहीत लिहिले : १०० सेंटिमीटर. मीटर गेज म्हटल्यावर दुसरे काय लिहिणार? मास्तरांनी वाकून स्वतः फट पाहिली आणि विचारले, “हे तू पाहिलंस, का ऐकलंस?” मी म्हणालो, “सर, पुस्तकात एक मीटर आहे.” ते म्हणाले, “पुस्तक मोजायला मी तुला स्टेशनावर आणलं नव्हतं.” मी खोडून १००.३ केले. रूळ झिजतात, सरकतात, हे त्यांनी परतताना वाटेत सांगितले. पण तोवर माझे कान इतके तापले होते की मला फारसे काही ऐकू आले नाही.

इतके चांगले शिकवलेला माणूस पुढे काय करतो ते आता सांगतो.

लातूरला मी भौतिकशास्त्र शिकवू लागलो. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, तेव्हा दशमान पद्धती ह्या गावाला जरा उशिराच पटेल, असा विनोद मी दरवर्षी पहिल्या तासाला करीत असे आणि मुले दरवर्षी भिडेखातर हसत. १९७८-७९ च्या वर्षी अकरावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. साधा लंबक : एक मीटर दोरा, खाली धातूचा गोळा, वीस आंदोलनांचा वेळ, त्यावरून गुरुत्वत्वरण. पुस्तकातले उत्तर ९८०. बहुतेकांचे ९७९, ९८०, ९८१ असे आले. मी खुशीत गुण देत गेलो. एका मुलीचे उत्तर होते ९६७.५. तिने तीनदा वेळ घेतला होता, तिन्ही वेळा ४०.४ सेकंद. चौथ्या वाचनावर फुली होती आणि शेजारी लिहिले होते, ‘खिडकीतून वारा आला.’ मी लाल शाईने ‘उत्तर तपासा’ असे लिहिले आणि दहांपैकी चार गुण दिले.

गुण फळ्यावर लागल्यावर ती आली. “सर, माझं काय चुकलं?” मी म्हणालो, “९८० च्या जवळ यायला हवं होतं.” ती “बरं सर” म्हणून गेली. हट्ट केला असता तर बरे झाले असते. मी रागावून मोकळा झालो असतो.

त्या रात्री मी गणित मांडले. आमच्या शाळेचे चावीचे घड्याळ सेकंदाच्या पाचव्या भागाने टिकटिक करी. म्हणजे वीस आंदोलनांना ते ४०.० दाखवील, ४०.२ दाखवील किंवा ४०.४ दाखवील, मधले काही त्याला ठाऊकच नाही. ४०.० ला उत्तर येते ९८७, ४०.२ ला ९७७ आणि ४०.४ ला ९६७.५. एका टिकटिकीत दहाचा फरक! सरासरी काढून एखाद्याचे ९८० येईलही, पण वर्गभर सगळ्यांचे? मी कागद पुन्हा पाहिले. कित्येकांनी ४०.१४ असा वेळ लिहिला होता. तो आकडा त्या घड्याळात नव्हताच. तो उत्तरावरून उलट चालत आला होता. आणि गंमत पाहा, ९८० हे लातूरचे उत्तरही नव्हे. ते पंचेचाळीस अक्षांशांच्या, समुद्रसपाटीच्या आसपासचे. विषुववृत्ताकडे आणि उंचावर ते घटते. लातूरला ते ९७८ च्या थोडे वर भरते. ती मुलगी त्या आकड्यापासूनही दूरच होती. पण तिचा आकडा तिने पाहिलेला होता, आणि बाकीचे वर्गाने ऐकलेले होते. मी ऐकलेल्यांना पैकीच्या पैकी देऊन बसलो होतो.

मला तेव्हा आजीची पायली आठवली. किलोला शीग लागत नाही म्हणून मी हसलो होतो. येथे सबंध वर्ग आकड्यांना शीग लावीत होता, आणि मी ती लावायला शिकवले होते.

मीटरच्या जन्माची कथा मी पुष्कळ वर्षांनी वाचली. १७९२ साली देलांब्र आणि मेशँ हे दोन फ्रेंच ज्योतिर्विद डंकर्क ते बार्सेलोना ही रेषा मोजायला निघाले. पृथ्वीवरून माप काढायचे, म्हणजे ते कोणा एका राजाचे होणार नाही, ही केवढी उदात्त कल्पना! बार्सेलोनाला मेशँला अक्षांशाच्या दोन मोजण्यांत तीनेक विकलांचा मेळ बसेना. चूक सापडेना आणि सांगण्याचे धैर्य होईना. त्याने ती विसंगती लपवली, आणि तिने त्याला पुढे झोप लागू दिली नाही. ती निस्तरण्याच्या आशेनेच तो पुन्हा स्पेनला गेला आणि १८०४ साली तापाने तेथेच वारला. त्याची टिपणे हाती आल्यावर देलांब्रला सारे उमगले. मीटर ठरवल्यापेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटर आखूड आहे, पण त्याचे मुख्य कारण मेशँची चूक नव्हेच. पृथ्वीच वाटली होती तितकी सुबक नाही. सांगितले असते तर कोणी फासावर दिले नसते. त्या काळात फ्रान्समध्ये फासही नव्हता म्हणा, गिलोटिन होते!

पॅरिसजवळच्या तिजोरीतला तो किलोही, ज्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे, २० मे २०१९ पासून माझ्यासारखाच निवृत्त झाला. १८८९ पासून नोकरीत होता. त्याच्या आणि त्याच्या प्रतींच्या वजनांत काही मायक्रोग्रॅमचे अंतर पडत गेले होते. ते मोजणाऱ्यांनी लपवले नाही.

कोणी म्हणेल, आजीची शीग आणि वर्गाची शीग एकच कशी? एकच नव्हे, हे मलाही दिसते. किलो घरात आल्यावर आजीने त्याच्याशी तडजोड केली होती. तराजू समतोल होऊ द्यायची, किती झाले ते मोठ्याने सांगायची, आणि मग मूठभर ज्वारी समोरच्या पदरात निराळी टाकायची. ती मूठ मापाबाहेरची होती आणि तिच्या स्वतःच्या पोत्यातली होती. मी आणि माझ्या मुलांनी मूठ टाकली ती मापाच्या आत, आणि दिली कोणाला, तर पुस्तकाला, ज्याला तिची गरज नव्हती.

त्या मुलीचे गुण मी दुरुस्त केले का? नाही केले. एकीचे वाढवायचे तर इतर अनेकांचे कमी करावे लागले असते, पालक आले असते, मुख्याध्यापकांना खुलासा द्यावा लागला असता. ती पुढच्या वर्षी विज्ञान सोडून गेली. त्या चार गुणांमुळे गेली असे मी म्हणत नाही. कशामुळे गेली ते मी तिला विचारले नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत त्या वर्षाचे प्रात्यक्षिकांचे कागद रद्दीत निघाले. रद्दीवाल्याने गठ्ठा दोरीला बांधून ताणकाट्याला लटकावला आणि म्हणाला, “साडेसात किलो.” मला काटा जरा पुढे वाटला. मी तसे म्हणताच तो म्हणाला, “सर, तुम्हीच वाचा की.” गठ्ठा हेलकावे खात होता. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि तो स्थिर व्हायची वाट पाहत उभा राहिलो.