भिंती तारणाच्या, दारं उघडी

आजचं वाचन: यशया 60:11 आणि 60:18



देवाच्या नगरीबद्दल यशया इथे दोन गोष्टी सांगतो. तिच्या भिंतींना तारण म्हणतील आणि तिच्या वेशी रात्रंदिवस उघड्या राहतील. मला प्रश्न पडतो, भिंतही हवी आणि दारही उघडं, हे जमायचं कसं?

याचं उत्तर मला केडगावच्या चर्चमध्ये दिसतं.

पुण्याहून दौंडकडे जाताना लागणारं हे गाव. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-विधवांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची बंधनं होती, म्हणून त्यांना केडगावच्या शेतजमिनीवर आणलं. त्या जागेचं नाव ठेवलं मुक्ती. पुढच्या दुष्काळात आणखी मुली आल्या. 1900 च्या सुमारास तिथे जवळपास 2,000 जणी होत्या. त्यांच्यासाठी हे चर्च उभं राहिलं.

विचार करा, रमाबाई ब्राह्मण घरात जन्मलेल्या, संस्कृतच्या विदुषी. आणि उपासनेला शेजारी कोण? वेगवेगळ्या जातींच्या, सगळं गमावलेल्या मुली. 1905 मध्ये मुक्तीत आत्मिक जागृती झाली, ती याच मुलींच्या प्रार्थनेतून. जगाने ज्यांना टाकलं, त्यांच्यापासून देवाने सुरुवात केली!

आज शंभराहून जास्त वर्षांनंतरही मुक्तीत निराधार स्त्रिया आणि मुलांना घर मिळतं, आणि चर्चमध्ये देवाची स्तुती होते. इथली भिंत आतल्या लेकराला सांभाळते. येणाऱ्याला अडवत नाही.

आता आपल्याकडे बघू. यूथ ग्रुपमध्ये आपण सगळे एकच आहोत असं म्हणतो. पण घरात लग्नाची बोलणी सुरू झाली की हळूच विचारलं जातं, "ते मूळचे कोण?" मग आपली भिंत तारणाची आहे की जातीची? घटस्फोट झालेली ताई, नोकरी गेलेला दादा शेवटच्या बाकावर बसून गुपचूप निघून जातात. त्यांच्यासाठी आपली वेस उघडी आहे का?

या रविवारी एक करा. आपला नेहमीचा बाक सोडा आणि एकट्या बसलेल्या कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसा. आणि शेवटच्या बाकावर तूच असशील, तर ऐक: ही वेस देवाने तुझ्यासाठीच उघडी ठेवली आहे.

प्रार्थना: हे प्रभू, आमच्या मनात माणसांनी बांधलेल्या भिंती पाड. तुझ्या तारणाच्या भिंतीआड सगळ्यांना जागा दे. येशूच्या नावाने, आमेन.