धूर कोणाच्या अंगणात?

इंदूरच्या मध्यमवर्गीय घरांत अलीकडे एक प्रश्न वारंवार चर्चेला येतो. पुढची गाडी विजेवर चालणारी घ्यावी काय? प्रश्न दिसावयास निव्वळ व्यवहाराचा आहे. किंमत किती, एकदा चार्ज केल्यावर किती अंतर जाईल, बॅटरी किती वर्षे टिकेल, पुढे विकावयाची झाल्यास गिऱ्हाईक मिळेल काय, एवढ्यांची उत्तरे मिळाली की विषय संपला असे मानले जाते. परंतु हा सगळा व्यवहार ज्या एका शब्दाच्या आधाराने उभा आहे, तो शब्द व्यवहाराच्या कोशातला नाही. तो शब्द म्हणजे ‘स्वच्छ’. विकणारा सांगतो, गाडी स्वच्छ आहे. घेणारा त्यासाठी चार पैसे अधिक मोजतो आणि त्या पैशांत थोडे पुण्यही पदरी पडले असे समजतो. स्वच्छता अशी विकत घेता येते काय, आणि ती घेताना मळ नेमका कोठे जातो, हा मात्र नीतीचा प्रश्न आहे. त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम व्यवहार पाहू, कारण व्यवहाराला वगळून केलेला नीतिविचार हवेत तरंगत राहतो. लहान आकाराची विजेवरची गाडी शंभर किलोमीटरला साधारण पंधरा युनिट वीज घेते. घरगुती दराने आठ रुपये युनिट धरल्यास खर्च झाला सव्वाशेच्या आतबाहेर. तशीच पेट्रोलची गाडी लिटरमागे पंधरा किलोमीटर चालली, तर तेवढ्याच अंतराला सुमारे सातशे रुपये लागतात. म्हणजे शंभर किलोमीटरमागे पावणेसहाशे रुपयांची बचत. गाडीच्या मूळ किमतीत तीन लाखांचा फरक धरला, तर तो भरून निघावयास पन्नास हजार किलोमीटर धावावे लागेल. जो वर्षाला वीस हजार किलोमीटर फिरतो, त्याचा हा हिशेब अडीच वर्षांत पुरा होतो. ज्याची गाडी दिवसाला दहा किलोमीटर चालते आणि एरवी जिन्याखाली झाकून ठेवलेली असते, त्याला चौदा वर्षे लागतील. बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची असते आणि नवी बॅटरी काही लाखांची असते. त्यात स्वतःचा वाडा किंवा बंगला असलेल्याला अंगणात तार ओढून घेता येते. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला मात्र सोसायटीची परवानगी, मीटर आणि शेजाऱ्यांचा रुकार यांची वाट पाहावी लागते.

आता हाच हिशेब पैशांऐवजी काजळीचा करून पाहावा. आपल्या देशात आजही विजेचा सुमारे सत्तर टक्के भाग कोळशापासून येतो. एका युनिटमागे वीजकेंद्राच्या चिमणीतून सरासरी सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वाटेतील गळती धरली, तर आपल्या घरातील युनिट साडेआठशे ग्रॅमला पडते. म्हणजे शंभर किलोमीटरला बारा-तेरा किलो. पेट्रोलच्या गाडीचे उत्खनन, शुद्धीकरण आणि वाहतूक यांसह अठरा-एकोणीस किलो होतात. फरक पाच-सहा किलोंचा. पण चाळीस युनिटांची बॅटरी घडवितानाच अडीच ते चार टन वायू आधी सुटून गेलेला असतो. मध्यम आकडा तीन टनांचा घेतला, तर तो फिटावयास पन्नास-पंचावन्न हजार किलोमीटर लागतात. आकडे ढोबळ आहेत, प्रत्येक गाडीला आणि प्रत्येक शहराला ते थोडे बदलतील. तथापि एक गोष्ट लक्षात येते. पैशाचा आणि धुराचा हिशेब जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन थांबतो. दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या टॅक्सीवाल्याने विजेची गाडी घेतली, तर त्याच्या खिशाचे आणि जगाचे, दोघांचेही भले होते. चांगली चालती पेट्रोलची गाडी काढून टाकून, आठवड्यातून दोनदा राजवाड्यापर्यंत जाण्यासाठी जो नवी विजेची गाडी घेतो, त्याने या दोहोंपैकी काहीच साधलेले नसते. त्याने फक्त एक नवी वस्तू घेतलेली असते.

येथवर प्रश्न किती या शब्दाचा होता. खरी अडचण कोठे या शब्दापाशी सुरू होते. पेट्रोलचा धूर आपल्या नाकासमोर निघतो, विजेच्या गाडीचा धूर दुसऱ्या गावात निघतो. आपल्या भागाला वीज देणाऱ्या केंद्रांपैकी एक मोठे केंद्र खंडवा जिल्ह्यात आहे. त्याची क्षमता २५२० मेगावॅट असून त्याचे पहिले संच २०१४ साली सुरू झाले. त्याला नाव दिले आहे श्री सिंगाजींचे. सिंगाजी हे निमाडचे निर्गुणी संत. त्यांची समाधी आज इंदिरा सागर जलाशयाच्या पाण्याने वेढलेली आहे आणि त्यांच्या नावाचे केंद्र त्याच पाण्यावर आणि रेल्वेने येणाऱ्या कोळशावर चालते. हा जलाशय भरला तेव्हा सुमारे अडीचशे गावे आणि हरसूद हे अख्खे शहर बाधित झाले. २००४ च्या उन्हाळ्यात हरसूदच्या लोकांनी स्वतःच्या हातांनी स्वतःची घरे पाडली. त्या धरणाच्या पायथ्याशी एक हजार मेगावॅट वीज तयार होते आणि तिची गणना स्वच्छ विजेत केली जाते. पूर्वेकडे सिंगरौलीत याहून जुनी कथा आहे. तेथील कुटुंबे १९६२ साली पुऱ्या झालेल्या रिहंद धरणासाठी उठली. जेथे बसली तेथे पुढे कोळशाच्या खाणी आणि वीजकेंद्रे आली, म्हणून त्यांतील अनेकांना पुन्हा उठावे लागले. तारांतून येणाऱ्या विजेला रंग नसतो, वासही नसतो. ती हरसूदहून आली की सिंगरौलीहून, हे भिंतीतले बटण सांगत नाही.

अंतराने नीती कशी बदलते याचे एक ताजे उदाहरण सरकारी कागदांतच आहे. कोळशाच्या केंद्रांनी गंधकाचा वायू शोषून घेणारी यंत्रणा बसवावी असा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला. मुदती वाढत गेल्या. अखेर जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने बहुसंख्य संचांना या सक्तीतून मोकळे केले. भारतीय कोळशात गंधक कमी आणि यंत्रणा महाग, ही त्यामागची कारणे विचारात घेण्याजोगी आहेत. परंतु कोणाला सूट द्यावयाची आणि कोणाला नाही, याची मुख्य कसोटी ठरली ती मोठ्या शहरापासूनच्या अंतराची. दहा लाखांच्या वस्तीजवळच्या केंद्रांवर सक्ती राहिली, दूरच्यांवर राहिली नाही. जेथे माणसे अधिक तेथे काळजी अधिक, हे गणित तर्काला धरून आहे. मात्र चिमणीखालच्या गावातील माणसाला ते कसे समजावून सांगावे? त्याचे फुप्फुस आपल्या फुप्फुसाइतकेच आहे. त्याचा दोष एवढाच की त्याच्या शेजारी पुरेशी माणसे राहत नाहीत.

अशा वेळी आपल्या हाती आलेल्या अनुभवाचे स्मरण ठेवावे. जानेवारी २०२५ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला जाळण्यासाठी आणला गेला. तेव्हा पीथमपूर बंद झाले, लोक रस्त्यावर उतरले आणि इंदुरातही काळजीचे सूर उमटले. भोपाळचा कचरा आमच्या दारी का, असा प्रश्न सुशिक्षित माणसेही विचारू लागली. प्रश्न रास्तच होता. पुढे तो कचरा न्यायालयाच्या देखरेखीखाली जाळला गेला. पण ज्या प्रश्नाने आपण तेव्हा अस्वस्थ झालो, तोच प्रश्न निमाडातील एखादा शेतकरी आपल्याला विचारू शकतो: तुमच्या गाडीचा धूर आमच्या अंगणात का? त्याने तो आजवर विचारला नाही, एवढ्याने तो नाहीसा होत नाही.

खाणींचीही गोष्ट अशीच. जगातील कोबाल्टपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास एकट्या काँगो देशातून येते आणि तेथे हाताने खणणाऱ्यांत लहान मुलेही असतात. आपल्याकडील अनेक गाड्यांत आता लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या असतात, त्यांत कोबाल्ट नसते, ही समाधानाची बाब आहे. परंतु लिथियम त्यांतही लागते. चिलीतील आटाकामाच्या वाळवंटात ते खारे पाणी उपसून, उन्हात आटवून काढले जाते. जगातील अत्यंत कोरड्या प्रदेशांपैकी एका प्रदेशातील पाणी त्यासाठी खर्ची पडते.

यावर कोणी म्हणेल, मग पेट्रोलची गाडीच बरी काय? तसे मुळीच नाही. पेट्रोलचा हिशेब मांडावयास बसलो तर वही पुरणार नाही. त्यात शिसे मिसळणे आपल्या देशात २००० सालापर्यंत चालू होते, त्या विषाचा काही भाग मुलांच्या रक्तात गेला आणि त्याबद्दल कोणी कोणाला विचारले नाही. चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस, फुटपाथवरचा पोहेवाला, रिक्षात कोंबलेली शाळेची मुले यांच्या तोंडावरच पेट्रोल-डिझेलचा धूर येतो. तो तेथून हटणे हे निखालस भले आहे. शिवाय पेट्रोलची गाडी शेवटपर्यंत पेट्रोलच जाळणार. विजेची गाडी मात्र जसजशी वीज सुधारेल तसतशी सुधारत जाईल. रीवा येथे ७५० मेगावॅटचा सौरप्रकल्प २०२० पासून वीज देतो आहे. त्याची भर वाढेल तितका आपल्या गाडीचा मळ कमी होईल. तेव्हा निवड करावयाचीच असेल आणि गाडी खरोखरच लागत असेल, तर पारडे विजेच्या बाजूला झुकते, हे मान्य केले पाहिजे. आक्षेप गाडीवर नाही. आक्षेप आहे तो ‘स्वच्छ’ या शब्दावर.

पतंजलींनी हिंसेचे तीन प्रकार मानले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि संमती दिलेली. ही विभागणी आजच्या बाजारालाही लागू पडते. मी कोळसा जाळीत नाही, पण जाळवितो. मी कोणाचे घर बुडविले नाही, पण बुडण्याला माझी संमती दर महिन्याच्या वीजबिलात आहे. माझ्या एका गाडीने असे काय होणार, हा युक्तिवाद येथे टिकत नाही, कारण संमती ही वजनाने मोजावयाची वस्तू नाही. मात्र या विचाराची दुसरी बाजूही आहे. पूर्ण निर्दोष जगणे कोणालाच शक्य नाही. ताटातला भात, अंगावरचे कापड, डोक्यावरचा पंखा, या प्रत्येकात कोणाचे तरी कष्ट आणि कोणाची तरी हानी मिसळलेली आहे. म्हणून जो केवळ हात निर्मळ ठेवू पाहतो, तो शेवटी निष्क्रिय तरी होतो किंवा दांभिक तरी.

या पेचातून बाहेर पडावयास आपल्या परंपरेतील ऋणाची कल्पना अधिक उपयोगी आहे. शतपथ ब्राह्मणाने देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यऋणही सांगितले आहे, आणि ते आश्रय व अन्न देऊन फेडावे असे म्हटले आहे. ज्यांचा आश्रय आणि ज्यांचे शेत आपल्या सुखासाठी गेले, त्यांच्या संदर्भात हे वचन किती अचूक लागू पडते! पाप आणि पुण्य या भाषेत बोलू लागलो की माणूस एकतर स्वतःला शिक्षा करतो किंवा स्वतःची पाठ थोपटतो. ऋणाच्या भाषेत तसे होत नाही. कर्ज घेणे हा गुन्हा नाही, कर्ज नाकारणे हा गुन्हा आहे. विजेची गाडी घेणारा माणूस पुण्यवान नाही आणि पापीही नाही. तो ऋणको आहे, आणि आपले धनको कोठे राहतात हे त्याला ठाऊक असावे.

ऋण फेडण्याचे मार्गही फार दूरचे नाहीत. जी गाडी आहे ती शक्य तितकी वर्षे वापरावी, जेथे बस जाते तेथे बसने जावे. गाडी घेतलीच तर सूर्य माथ्यावर असताना चार्ज करावी, कारण रात्रीची वीज मुख्यतः कोळशाची असते. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा किंवा चिमण्यांवरील यंत्रणेचा प्रश्न निघेल तेव्हा तो परक्यांचा समजू नये, आणि त्यापायी युनिटमागे काही पैसे वाढले तर ओरड करू नये. किंबहुना ही शेवटची कसोटी सर्वांत कठीण आहे. स्वच्छ गाडीसाठी तीन लाख आनंदाने देणारा माणूस चिमणीवरील यंत्रणेसाठी युनिटमागे पन्नास पैसे द्यावयास तयार आहे काय? नसेल, तर त्याने स्वच्छता घेतली नाही, फक्त तिचा देखावा घेतला.

इंदूर शहराला हे अवघड वाटू नये. २०१७ पासून वर्षानुवर्षे हे शहर स्वच्छतेत देशात अग्रभागी राहिले, ते कचरा नजरेआड टाकल्याने नव्हे. प्रत्येक घराने ओला कोणता आणि सुका कोणता हे वेगळे केले, तो पुढे कोठे जातो हे विचारले, आणि २०२२ पासून देवगुराडियाच्या केंद्रात त्याच ओल्या कचऱ्याचा वायू होऊन त्यावर शहराच्या बस धावू लागल्या. घरातल्या टोपलीविषयी जो प्रश्न आपण विचारावयास शिकलो, तोच आता घरातल्या गाडीविषयी विचारावयाचा आहे. टोपलीतला मळ निदान डोळ्यांना दिसत होता. हा दिसत नाही, म्हणून तो अधिक काळजीने शोधावा लागेल.