पुसली गेलेली टिंबं

आमच्या आजीनं १९४१ ते १९५३ या काळात तिच्या थोरल्या बहिणीला लिहिलेली पत्रं तीन गाठोड्यांत बांधून बडोद्याला आमच्या घरी परत आली, तेव्हा त्यांची व्यवस्था लावायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. पानं ४१२. कागद पिवळा पडलेला, कडा वाळवीनं खाल्लेल्या, सगळीकडे बुरशीचे बारीक काळे ठिपके. मी ती पानं स्कॅन केली, स्वच्छ केली आणि नातेवाइकांसाठी तीस प्रतींचं पुस्तक छापून घेतलं. चार दिवसांनी आत्याचा फोन आला. पुस्तक छान झालंय म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण काय रे, आई नानांना एकेरीत लिहील का कधी?"

त्या फोनपासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. एखादं काम यंत्राकडून करून घेतलं, यंत्रानं सांगितलं तेवढंच केलं, कुठे चूक दाखवली नाही, आणि तरीही काहीतरी नष्ट झालं. तर ते कुणी केलं?

घडलं ते असं. एकेक पान हातानं साफ करायचं तर वर्ष गेलं असतं. म्हणून मी गिम्प वापरायचं ठरवलं. चित्रं दुरुस्त करण्याचा हा मोफत प्रोग्रॅम १९९५ साली बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी लिहायला घेतला. त्यात 'स्क्रिप्ट-फू' नावाची सोय आहे. आपण माउसनं जे करतो ते स्कीम या भाषेत लिहून ठेवायचं आणि प्रोग्रॅमनं ते शेकडो चित्रांवर आपलं आपण करायचं. मला कुणीतरी फार पूर्वी लिहिलेली एक स्क्रिप्ट मिळाली. फाइल उघड, डाग काढ, उजेड वाढव, त्याच नावानं जतन कर, पुढची घे. एवढंच तिचं काम.

ती चालेना. गिम्पच्या २.४ या आवृत्तीत, २००७ साली, स्कीमचा जुना इंटरप्रिटर काढून नवा बसवला गेला होता. जुन्याला आधी न सांगता वापरलेलं नाव चालायचं. नव्याला ते आधी जाहीर करावं लागतं. माझी स्क्रिप्ट त्यापूर्वीची, त्यामुळे पहिल्याच नावाला अडली. ते सुधारलं तर दुसरी अडचण. या भाषेत गिम्पच्या प्रत्येक क्रियेचं उत्तर यादी होऊन परत येतं, वस्तू एकच असली तरी. यादीतली पहिली वस्तू 'कार' असं लिहून काढून घ्यावी लागते. एका ठिकाणी ते 'कार' राहिलं होतं, म्हणून चित्राच्या जागी यादी पुढे गेली आणि काम थांबलं. मग कंस. स्कीममध्ये कंसांची नुसती रांग असते. एक कमी पडला की सगळं ठप्प. तीन रात्री मी हेच करत होतो. चौथ्या रात्री पडद्यावर ओळ उमटली: 'बॅच कमांड एक्झिक्यूटेड सक्सेसफुली'. मी दहा-बारा पानं उघडून पाहिली. कागद पांढरा, अक्षर काळंभोर, बुरशी साफ. समाधानानं झोपलो.

आत्याच्या फोननंतर मी तीच पानं मोठी करून पाहिली. एकाही अक्षरावर अनुस्वार नव्हता.

डाग काढणारी क्रिया साध्या हिशेबावर चालते. मी तिची त्रिज्या ३ ठेवली होती. म्हणजे प्रत्येक पिक्सेलभोवती ७ गुणिले ७ असा ४९ पिक्सेलांचा चौकोन घ्यायचा, त्यांच्या छटा क्रमानं लावायच्या आणि मधोमध येणारी, म्हणजे पंचविसावी, छटा त्या पिक्सेलला द्यायची. पानं मी २०० डीपीआयनं स्कॅन केली होती. म्हणजे एका मिलिमीटरला साधारण ८ पिक्सेल. आजीच्या टाकाचं टिंब पाच पिक्सेल रुंद, सगळं मिळून वीसेक पिक्सेलांचं. चौकोनात पंचवीस काळे पिक्सेल भरले नाहीत की टिंब कागदात जमा. अक्षराची रेघही पाचच पिक्सेल जाड, पण ती चौकोनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, पस्तीस पिक्सेल भरते, म्हणून टिकते. वेलांट्या राहिल्या, मात्रा राहिल्या. बुरशी गेली, आणि बुरशीएवढं जे जे होतं ते गेलं.

मराठीत त्या टिंबावर किती भार असतो हे मराठी न वाचणाऱ्यांसाठी सांगायला हवं. 'त्याची' म्हणजे लहानाची, बरोबरीच्याची, परक्याची. 'त्यांची' म्हणजे अनेकांची किंवा ज्याला मान द्यायचा अशा एकाची. आजीच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. बारा वर्षांच्या पत्रांत नानांचं नाव एकदाही नाही. नाना म्हणजे 'ते', 'त्यांना', 'त्यांची'. तिच्या संसारातला सगळा आदर, आणि कदाचित सगळा दुरावाही, त्या टिंबात होता. शिवाय ती जुन्या वळणाचं लिहायची: 'घरीं', 'तें', 'कां'. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे हे अनुस्वार काढून टाकले. ते नियमानं गेले; आजीचे माझ्या हातून गेले. इतर लिप्यांतही टिंब लहान नसतं. तमिळमधली पुळ्ळी गेली की व्यंजनात 'अ' परत येतो. उर्दूत 'जुदा' आणि 'खुदा' यांत फरक एवढाच, की नुक्ता खाली आहे की वर.

अक्षर बदलून अनर्थ झाल्याची आमची प्रसिद्ध गोष्ट 'ध चा मा' ही आहे. राघोबादादांच्या हुकमात 'धरावे' असं होतं, आनंदीबाईंनी त्याचं 'मारावे' केलं, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, अशी ती आख्यायिका. त्या गोष्टीत न्याय करणं सोपं आहे, कारण बदलणाऱ्या हातामागे हेतू आहे. माझ्या गोष्टीत हेतू शोधूनही सापडत नाही. ती क्रिया लिहिणाऱ्यानं ठिपके काढायचं आश्वासन दिलं होतं. तिनं ठिपके काढले. तिला निष्काळजीही म्हणता येत नाही. निष्काळजी व्हायला आधी काळजी घेता यावी लागते. आणि मला तर आजीची पत्रं वाचवायची होती.

तरीही दोष माझाच आहे असं मला वाटतं, आणि तो 'हेतू नव्हता' म्हणून कमी होत नाही. अनुस्वार म्हणजे काय हे त्या सगळ्या कारभारात फक्त मला माहीत होतं. स्कीमला नव्हतं, गिम्पला नव्हतं, स्क्रिप्ट लिहिणाऱ्या त्या अनोळखी माणसाला नव्हतं. ज्याला कळू शकत होतं असा मी एकटा होतो, आणि मी मराठी वाचणारा म्हणून पानांकडे पाहिलंच नाही. स्क्रिप्ट दुरुस्त करणारा म्हणून पाहिलं.

यावर एक आक्षेप मीच स्वतःला घेऊन पाहिला. ४१२ पानं डोळ्यांखालून घालायची असती तर स्क्रिप्ट कशाला हवी होती? आक्षेप खरा आहे. पण सगळी पानं पाहायची गरज नव्हती. एक पान नीट पाहिलं असतं तरी पुरलं असतं. मी दहा-बारा पाहिली, आणि प्रत्येकावर जे जायला हवं होतं ते गेलं का एवढंच पाहिलं. जे राहायला हवं होतं ते राहिलं का, हे एकाही पानावर पाहिलं नाही. त्या तीन रात्रींनी मला तशी सवय लावली होती. स्क्रिप्ट अडत होती तेव्हा प्रत्येक अडथळा मला विचारत होता, 'तुला नेमकं काय म्हणायचंय?' मी ते अडथळे एकेक करून काढले आणि विचारणारं कुणी उरलं नाही. त्यानंतर तो प्रश्न स्वतःला विचारणं माझं काम होतं. यंत्राचं 'सक्सेसफुली' म्हणजे सांगितलेलं करून झालं एवढंच. मी त्याचा अर्थ 'काम बरोबर झालं' असा घेतला.

स्क्रिप्ट त्याच नावानं जतन करत होती, म्हणून मूळ स्कॅन उरले नाहीत. दोन गाठोडी काकांकडे होती. ती पानं मी ६०० डीपीआयनं पुन्हा स्कॅन केली. तिसरं गाठोडं वाळवीनं पार पोखरलेलं होतं. 'आता संगणकात आहेच,' असं मीच म्हणालो होतो आणि घरच्यांनी ते चांदोदला नर्मदेत सोडलं होतं. त्यातली ६१ पानं टिंबांवाचून राहिली.

ती भरून काढणं अवघड नाही असं आधी वाटलं. 'लोकाना' दिसलं की 'लोकांना'. याचीसुद्धा स्क्रिप्ट लिहिता येईल. मग १९४६ चं एक पत्र समोर आलं. त्या वर्षी नाना कामासाठी मुंबईत होते. आदल्या वर्षी आजीचा दोन वर्षांचा मुलगा गेला होता. पत्रात एक ओळ आहे: 'रात्री त्याची फार आठवण येते.' ती कुणाची आठवण काढत होती? टिंब दिलं तर नवऱ्याची, न दिलं तर मुलाची. मागच्यापुढच्या ओळींतून काही कळत नाही. ते त्या टिंबावरूनच कळलं असतं.

दुसऱ्या आवृत्तीत ती ६१ पानं आहेत तशीच ठेवली. सुरुवातीला टीप घातली, की या पानांवरचे अनुस्वार आजीनं गाळलेले नाहीत, ते साफसफाईत माझ्या हातून पुसले गेले. आत्याला हे पटलं नाही. तिच्या आईनं न केलेला अनादर छापील राहतो, असं तिचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. तिनं आपल्या प्रतीत पेन्सिलीनं सगळी टिंबं दिली. १९४६ च्या त्या ओळीवरही दिलं. मी विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "मला माहीत आहे ना आई."

तिचा तो अधिकार आहे, म्हणून मी पुढे बोललो नाही. माझ्या प्रतीत ती जागा मोकळीच आहे. आता कुठलीही स्क्रिप्ट मी वेगळ्या फोल्डरमध्ये जतन करायला लावतो, आणि चालवण्याआधी एका कागदावर लिहून ठेवतो: यातलं काय जाता कामा नये.