किल्ल्यांचा जुडगा

शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरात पांढऱ्या वेषातले सेवेकरी तुम्ही पाहिले असतील. गावोगावचे हे लोक पाळीने येतात, झाडतात, वाढतात आणि पाळी संपली की परततात. झाडू दुसऱ्याला देणे सोपे. पण किल्ल्यांचा जुडगा? ‘माझ्यावाचून अडेल’ असे म्हणताना मनात काळजी असते, की गोडी?

पायथॉन या संगणक-भाषेचे जनक गिदो व्हान रोसम यांनी २०१८ साली शेवटचा शब्द खाली ठेवला. वारस नेमला नाही. स्वयंसेवकांनी २०१९ साली पाच जणांचे मंडळ निवडले. भाषा अडली नाही.

तुम्ही म्हणाल, किल्ली चोराच्या हाती गेली तर? तसेही झाले. ‘एक्सझेड’ ही प्रणाली सांभाळणारा मुख्यतः एकटाच, तो थकला. मदतीला आलेल्या अनोळखी माणसाने विश्वास मिळवला आणि २०२४ साली चोरवाट बसवली. दोष मला किल्ली देण्यात दिसत नाही. थकेपर्यंत एकट्याने ती धरून ठेवावी लागली, यात दिसतो.

आमच्या आजीने हातपाय चालत होते तेव्हाच कोठीच्या किल्ल्या आईला दिल्या. पहिल्या दिवाळीत भाजणी बिघडली. आजी शेजारीच बसली होती. हसली, पण किल्ल्या परत मागितल्या नाहीत.