तुझं नाव काय?

आजचे वाचन: उत्पत्ती ३२:२२-३२



अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर काउंटीत आमिश ख्रिस्ती लोकांची मोठी वस्ती आहे. घोडागाडीतून फिरणारे, साधे कपडे घालणारे हे लोक. त्यांच्या घरांतली नावं ऐकली तर आपल्याच मंडळीतली वाटतील: शमुवेल, दावीद, अमोस, याकोब, राहेल, रूथ. आडनावंही मोजकीच. त्यामुळे एकाच नावाचे कितीतरी जण सापडतात, आणि ओळख पटावी म्हणून टोपणनावं पडतात.

माझ्या कामात हे चालणार नाही. डेटाबेसमध्ये प्रत्येकाचा आयडी वेगळा लागतो. आपणही बाळासाठी 'कुणाचंच नसलेलं' नाव गूगलवर शोधतो. आमिश आईबाप मात्र आजोबांचं, मामाचं नाव बिनदिक्कत ठेवतात. मूल वेगळं दिसावं यापेक्षा ते आपल्यातलं आहे, हे त्यांना महत्त्वाचं वाटतं.

ही मूळ हिब्रू नावं अर्थाने भरलेली आहेत. दानीएल म्हणजे 'देव माझा न्यायाधीश'. एलीया म्हणजे 'परमेश्वर माझा देव'. पण पवित्र नावाने माणूस पवित्र होतो का? अबशालोमच्या नावात 'शालोम' आहे, शांती आहे. तोच बापावर उठला (२ शमुवेल १५).

आमिश लोकांना हे ठाऊक असावं. ते तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत. नाव जन्मल्यावर मिळतं. बाप्तिस्मा मात्र साधारण अठरा ते बावीसच्या वयात, स्वतः ठरवून. काही जण तो घेतही नाहीत. नाव बायबलमधलं असलं तरी 'हो' ज्याचं त्यालाच म्हणावं लागतं.

आता याकोबाकडे पाहा. आंधळ्या इसहाकाने "तू कोण?" असं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, मी एसाव. पुढे कित्येक वर्षांनी, यब्बोकच्या उताराजवळ, रात्रभर झोंबी घेतल्यावर पुन्हा तोच प्रश्न आला. या वेळी त्याने खरं नाव सांगितलं: याकोब, टाच धरणारा. त्यानंतरच त्याला इस्राएल हे नवं नाव मिळालं. देवाला त्याचं नाव माहीत नव्हतं थोडंच! याकोबाने ते स्वतःच्या तोंडाने सांगणं गरजेचं होतं.

ऑफिसात आपलं नाव ऐकून कुणी विचारतं, "ख्रिश्चन का?" आपण सहज हो म्हणतो. ते उत्तर आईबाबांनी ठेवलेल्या नावाचं आहे की आपलं स्वतःचं? आज पाच मिनिटं शांत बसून एवढंच तपासू या.

प्रार्थना: प्रभू, दुसऱ्याचं नाव पुढे करून मी तुझ्यासमोर येऊ नये. मी जसा आहे तसा मला बोलाव. आमेन.