भरती

मुंबईत कुणी पाहुणा आला की त्याला आधी समुद्र दाखवायला नेतात. तुम्ही माझ्याबरोबर येणार असाल तर समुद्र शेवटी. आधी पायधुणीला जाऊ. तिथे आता पाण्याचा थेंब दिसत नाही, म्हणूनच.

मस्जिद स्टेशनाच्या पश्चिमेला उतरा आणि चालू लागा. घाई करू नका असं मी कितीही सांगितलं तरी तिथली गर्दी तुम्हाला आपल्या वेगानं नेईल. हातगाडीवाला मागून ओरडेल, डोक्यावर गठ्ठा घेतलेला हमाल खांद्याला घासून पुढे जाईल. त्याच्या वाटेतून बाजूला होणं, एवढंच सध्या तुमचं काम. पायधुणीच्या नाक्याला पोचलात की एखाद्या अजून न उघडलेल्या दुकानाच्या पायरीवर उभे राहा. इथेच गोडीजी पार्श्वनाथाचं देऊळ आहे, झवेरी बाजाराच्या अंगाला मुंबादेवी, आणि मोहम्मद अली रोडची वर्दळ हाकेवर. फोटो नको. थोडा वेळ नुसते उभे राहा.

मग नावाकडे लक्ष जाऊ द्या. पायधुणी. पाय धुण्याची जागा. एके काळी भरतीचं पाणी खाडीवाटे इथवर चढायचं, आणि चिखल तुडवत मुंबईच्या बेटावर येणारी माणसं इथे पाय धुऊन पुढे जायची, असं या नावामागे सांगतात. आपल्याकडे गावात पाहुणा दारात आला की तांब्या पुढे होतो. कुठून आलात, कशासाठी आलात, किती दिवस राहणार, हे सगळं नंतर, आधी पाय. एवढ्या आडदांड शहराच्या उंबऱ्यावर असा एक तांब्या ठेवलेला होता, ही कल्पना मला फार आवडते. खरं तर इतकी आवडते की तिच्या खरेपणाची फार उलटतपासणी मी करत नाही.

आता उभ्या जागी तळपायाखालचं डांबर मनातल्या मनात उचला. त्याखालची खडी बाजूला करा, माती बाजूला करा. खाली काळा, चिकट चिखल लागेल, शिंपल्यांचा चुरा लागेल. दिवसातून दोनदा ओला होणारा आणि दोनदा उघडा पडणारा चिखल. हॉर्न विझणार नाहीत, तेव्हा त्यांना विझवायच्या भानगडीत पडू नका. त्यांच्या खालून काही ऐकू येतं का, तेवढं बघा.

इथून गिरगावाकडे जाताना मी एक खेळ खेळतो. वाटेत आणि आसपास जी नावं भेटतील ती पाटीवरची म्हणून वाचायची नाहीत. लहान मूल अक्षरं लावतं तशी सावकाश फोडायची. उमर-खाडी. चिंच-बंदर. धोबी-तलाव. फणस-वाडी. खेत-वाडी. चर्नी रोड हे नाव तर तोंडात इतकं गुळगुळीत झालंय की तिथे गुरं चरायची, हे ऐकून मुंबईकरच दचकतो. सी. पी. टँकवर उभं राहून टँक कुठाय असं विचारलंत, तर पानवाला तुमच्याकडे दयेनं बघेल. कावसजी पटेलांचा तो तलाव केव्हाच बुजवला, धोबीतलावही बुजवला. पण रोज हजारो माणसं बसच्या कंडक्टरकडे त्याच तळ्यांची तिकिटं मागतात. चालताना ही नावं ओठांतल्या ओठांत म्हणत राहा. जपासारखी नको, त्यात उगाच गांभीर्य येतं. आईनं दिलेली बाजाराची यादी विसरू नये म्हणून पोर घोकतं ना, तशी.

खोताच्या वाडीत शिरलात की पावलं आपोआप हलकी पडतात, कारण गल्लीच तेवढी अरुंद आहे. लाकडी कठडे, उतरती कौलं, बाहेरून चढणारा जिना, कुठे भिंतीत बसवलेला क्रूस. नाव हिंदू खोताचं, जुनी घरं बरीचशी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची, आणि त्यांची घरातली बोली मराठीच. या मंडळींनी 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. कंपनी सरकार जाऊन तोवर तीस वर्षं होत आली होती. इथल्या मातीतल्या माणसांच्या अंगाला एका बुडालेल्या कंपनीचं नाव राहिलं! हसू येतं, आणि मग येत नाही. इथे लोक राहतात, हे लक्षात ठेवा. खिडकीत डोकावू नका. चारदा वळून पाहण्याजोगं घर दिसलं तर एकदाच पाहा.

गिरगावातून मरीन ड्राइव्ह जवळ आहे, जाऊन या. तो सगळा रस्ता विसाव्या शतकात बॅकबेच्या भरावावर उभा राहिला. त्याच्या कडेच्या आर्ट डेको इमारतींना, ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींसह, 2018 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. कठड्यावर बसा, वारा खा, उठा. तिथे थांबायला सगळं जग शिकवतं, माझी गरज नाही.

मला थांबायचंय ते एका शब्दापाशी. भराव. हे शहर सात बेटांचं होतं, हे शाळेत पाठ केलेलं असतं. 1668 मध्ये इंग्लंडच्या राजानं ती वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला दिली, हेही. पाठ केलेल्या गोष्टी पायांना कळत नाहीत. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधून भरतीचं पाणी आत घुसायचं आणि मधला सखल भाग खारा करून टाकायचं. तिथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांध घातला गेला. तेव्हाचा गव्हर्नर हॉर्नबी, म्हणून त्याला हॉर्नबी वेलार्ड म्हणायचे. बांध टिकेना, तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू स्थापत्यकाराला देवीनं स्वप्नात दृष्टांत दिला, समुद्रातून मूर्ती काढल्यावरच काम तडीला गेलं, अशी महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका आहे. समुद्र अडवताना माणसाला कुणाची तरी परवानगी घ्यावीशी वाटली, एवढं तरी त्या गोष्टीतून दिसतं. पुढच्या काळात तशी स्वप्नं कुणाला पडल्याचं ऐकिवात नाही.

बांधाच्या आतली जमीन सुकली, मग तिच्यावर माणसं आली. आणि इथे आपली भाषा एक गंमत करते. समुद्राचं पाणी चढतं तिला भरती म्हणतात आणि पोलिसांत, गिरणीत माणसं घेतात तिलाही भरतीच. पाणी अडवून जागा केली आणि त्या जागेत दुसरी भरती आली. कामाठीपुऱ्याचं नाव आज वेगळ्याच कारणानं कुजबुजलं जातं, पण ते मूळचं तेलंगी मुलखातून बांधकामावर आलेल्या कामाठी मजुरांचं. घाटावरून आले, कोकणातून आले, काठेवाडातून, उत्तरेतून आले. जो आला त्यानं आपल्या गावची एक ओंजळ इथे रिकामी केली. वस्त्या एकमेकींसारख्या नाहीत त्या त्यामुळे.

ही दुसरी भरती अंगावर घ्यायची तर गिरणगावात जावं लागेल. चर्नी रोडहून धीमी लोकल पकडा, लोअर परळला उतरा आणि करी रोडवरून लालबागपर्यंत चालत जा. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईतली पहिली सूतगिरणी काढायचं मनावर घेतलं. त्यानंतर या पट्ट्यात धुराडी उगवत गेली. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एकाच गावचे वीस-वीस गडी राहत. ते सगळे एका वेळी झोपत नसत, म्हणून तर मावत. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या उबदार वळकटीवर तिसऱ्या पाळीचा येऊन पडे. जेवण खानावळीतल्या मावशीकडे, पगार झाला की मनीऑर्डर, गणपती-शिमग्याला गाव. भोंगा वाजला की रस्ता माणसांनी भरायचा, भोंगा वाजला की ओसरायचा.

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या ओहोटीचं पाणी परत आलंच नाही. कुणी गावी गेलं, कुणी भाजीची पाटी लावली, कुणी वॉचमन झालं, आणि बायकांनी पोळीभाजीचे डबे करून घर ओढलं. आज फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे. तिथे आत जायला मला आवडत नाही, पण तुम्ही जा. गार हवेत पाच मिनिटं उभे राहा आणि साच्यांच्या खडखडाटात दोन माणसं एकमेकांशी ओठांच्या हालचालींवरून कशी बोलत असतील, तेवढं मनात आणून बघा. मग बाहेर या. एखादं एकटं धुराडं अजून दिसतं, त्याच्या मागे काचेचा टॉवर. दोघांपैकी कोण उंच, हे डोळ्यांनी मोजत बसू नका. मी ते करून पाहिलंय, नुसती मान दुखते.

लालबागला मिरची गल्लीच्या तोंडाशी शिंका येतील. येऊ द्या. मालवणी मसाला, संकेश्वरी, बेडगी, कांडपाचा ठेका, आणि दुकानदाराशी भावाची घासाघीस न करता नुसती गावाकडची चौकशी करत उभी असलेली एखादी आजी. भरतीनं किनाऱ्यावर काय काय आणून टाकलं, ते इथे नाकाला कळतं.

पाऊसकाळात आला असाल तर परत जाताना हिंदमातापाशी मूळचा उतार दिसेल. बशीसारखा सखल भाग तो. मोठी सर आणि मोठी भरती एका वेळी आली की पाणी जायला वाट उरत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी माणसं कमरेएवढ्या पाण्यातून, एकमेकांचे हात धरून, रात्रभर चालत घरी गेली. ज्यांच्या दारावरून ती गेली त्यांनी त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली. पाय धुवायला पाणी द्यायची वेळच नव्हती.

माहीमला फार बोलत नाही. मखदूम फकीह अली माहिमींच्या दर्ग्यात फुलांचा वास आहे, थोड्या अंतरावर सेंट मायकेलमध्ये बुधवारी नोव्हेनाची रांग. दोन्हीकडे रांगेतल्या माणसांचे चेहरे एकसारखे, काही तरी मागायला आलेले. पलीकडे वांद्र्याला जायला पूर्वी होडी होती, आणि ती बुडायची. जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी 1,57,000 रुपये दिले आणि 1845 मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. अट एकच, जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. आज टोलनाक्यावर रांगेत बसलेल्या कुणालाही ही गोष्ट सांगा, तो आधी विश्वास ठेवणार नाही.

आता समुद्र. वरळी कोळीवाड्यात जाऊ. ओहोटीची वेळ विचारून या. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, पण कोळ्यांचं गणित तिथीवर चालतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. एवढी दोन टोकं लक्षात ठेवली तरी समुद्राशी बोलण्यापुरतं येतं. गल्लीतून गोलफादेवीला नमस्कार करून किल्ल्याकडे जा. बांबूंच्या मांडवावर बोंबील लटकत असतील, कुणी जाळं विणत असेल, आणि डोक्यावर सी लिंकचे दोर. खाली उतरा. खडकांमधला चिखल अगदी तोच आहे, मघाशी पायधुणीला डांबराखाली पाहिलेला. इथे अजून तो दिवसातून दोनदा ओला होतो. चपला हातात घ्या. उभे राहा. पाणी अजून लांब आहे, पण ते वळलंय. घोट्याला लागेपर्यंत थांबा.

मागच्या खेपेला मी असाच थांबलो होतो आणि वर आलो तेव्हा पोटऱ्यांपर्यंत काळा झालो होतो. गल्लीतल्या एका दारात एक म्हातारी मासे निवडत बसली होती. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि काही न विचारता बाजूच्या पिंपातून मग भरून पुढे केला. मी हात पुढे केला तर तिनं मग मागे घेतला आणि स्वतःच पायांवर पाणी ओतलं. एक मग उजव्यावर, एक डाव्यावर. मग विचारलं, कुठून आला?